आधी हात, मग धीर



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मुलाच्या बरोबरीने मॅट्रिकची परीक्षा दिली आणि चाळिशी उलटल्यावर शाळेत नोकरी धरली, हे या सभागृहातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्यामुळे संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला फार शोधाशोध करावी लागली नाही. माझं सगळं आयुष्य नर्सिंग शिकवण्यात गेलं. निवृत्तीनंतर मी रुग्णसहायकांचे वर्ग घेते. या वर्गांना येणाऱ्या बायका पंचेचाळीस-पन्नाशीच्या असतात, क्वचित पंचावन्नच्याही. कुणाचा नवरा गेलेला, कुणाच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, कुणाची मुलं मार्गाला लागून घर रिकामं झालेलं. त्यांना पगाराचं काम हवं असतं. आजाऱ्याचं करणं एवढंच काय ते आपल्याला येतं, असं त्यांना वाटतं. तेही नीट येतं की नाही, याची खात्री नसते. आज त्यांच्याबद्दल बोलते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांची सोय होईल. अशा बायकांना धीर द्या, प्रोत्साहन द्या, असं सगळेच म्हणतात. त्यासाठी शिबिरं होतात, टाळ्या वाजतात, एखादीच्या डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरताना तिचे पाय तितकेच लटपटत असतात. गेलेला धीर भाषणाने परत येत नाही, तो हातातून येतो. एखादं काम हाताला नीट जमलं, ते जमलेलं जाणत्या माणसाने पाहिलं आणि महिनाअखेर त्याचे पैसे चोख मिळाले, की मान आपोआप वर होते. आपण नेमकं उलटं करतो. आधी आत्मविश्वास आणा म्हणतो, काम मग देऊ म्हणतो.

आमच्या प्रवेश अर्जात ‘अनुभव’ असा एक रकाना आहे. मागे एका बाईंनी त्यात ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. बोलता बोलता कळलं की सासूला लकवा झालेला आणि म्हातारी नऊ वर्षं अंथरुणावर होती. मी विचारलं, ‘‘पाठीला जखम किती वेळा झाली?’’ ‘‘एकदाही नाही,’’ त्या म्हणाल्या, जरा तोऱ्यातच. नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ न देणं म्हणजे काय, हे या सभागृहातल्या डॉक्टर मंडळींना विचारा. चांगल्या चांगल्या रुग्णालयांना ते साधत नाही. मी विचारलं, कसं केलंत? दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायच्या. रात्री गजर लावला तर नवऱ्याची झोपमोड व्हायची, म्हणून त्यांनी आवाजांवर वेळ बसवली होती. पहाटेची पहिली एसटी गेली की उजव्या कुशीवर. टाच गादीला घासू नये म्हणून टाचेखाली जुन्या लुगड्याची चुंबळ.

चुंबळीपाशी मी त्यांना थांबवलं. चुंबळीने मधली जागा मोकळी राहते खरी, पण भोवतीची कड दाबली जाते आणि तिथला रक्तपुरवठा अडतो. म्हणून आता गोल कडं वापरू नका असं शिकवतात. पोटरीखाली उशी घ्यायची, टाच अधांतरी ठेवायची. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘मग गुडघा मागे ताणला जाणार नाही का?’’ श्रोतेहो, हा प्रश्न मला तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारला असता तर मी तिला वर्गासमोर उभं करून शाबासकी दिली असती. ताणला जातो. म्हणून गुडघा किंचित वाकलेला राहील अशी उशी लावायची. नऊ वर्षं एका माणसाच्या शरीराकडे रोज पाहिल्याशिवाय हा प्रश्न सुचत नाही. आणि या बाई लिहितात, अनुभव काही नाही.

त्या खोटं लिहीत नव्हत्या आणि विनयही दाखवत नव्हत्या. नऊ वर्षांत त्यांना कुणी, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ असं विचारलेलंच नव्हतं. डॉक्टर घरी यायचे, म्हातारीच्या मुलाशी बोलायचे. औषधांची चिठ्ठी मुलाच्या हातात जायची. बाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या. म्हातारी रात्री किती वेळा उठली, लघवीचा रंग कसा होता, कोणत्या गोळीनंतर ग्लानी येते, हे सगळं माहीत असणारं माणूस ट्रे घेऊन उभं होतं. अशी वर्षानुवर्षं गेली की आपल्याला काही कळतं, यावरचा माणसाचा स्वतःचाच भरवसा उडतो. मानसशास्त्राची पुस्तकं काही म्हणोत, मला तरी हा आजार मनात सुरू झालेला दिसत नाही. तो त्या दारातला आहे.

एक अगदी साधी गोष्ट सांगते. वर्गात थर्मामीटर वाचायला दिला, सिरिंजवरच्या रेघा मोजायला सांगितल्या, की दोन-तीन बायका हमखास मागे सरकतात. ‘‘मला नाही जमायचं, बाई. शिक्षण सुटून तीस वर्षं झाली.’’ पूर्वी मीसुद्धा त्यांना समजावत बसे. आता पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे डोळे तपासून घेते. पन्नाशीच्या बाईला जवळचं बारीक दिसत नाही. नवऱ्याला चष्मा आहे, मुलाला आहे, तिला नाही, कारण तिला कधी काही वाचावं लागलं नाही. तांदूळ निवडायचं सूनबाई करते. चाळिशीचा चष्मा लागला, रेघा दिसू लागल्या, की बुद्धी मंदावल्याचा संशय परस्पर जातो. वर्गातली अर्धी भीती अशा किरकोळ गोष्टींची असते. लिफ्टमध्ये एकटीने शिरायचं, सोसायटीच्या गेटवर मोबाइलमध्ये आलेला आकडा वॉचमनला सांगायचा, डॉक्टरांचा फोन आला तर इंग्रजीत बोलतील का? या भीतींना उपदेश नको. दोन दिवस कुणीतरी बरोबर जायला हवं.

एक भीती मात्र किरकोळ नाही, तिच्यापाशी जरा थांबू. ‘लोक काय म्हणतील’ ही ती भीती. लोक काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. ‘परक्यांची घाण काढते.’ घरच्या सासूचं केलं तर सून गुणाची, तेच काम दुसऱ्याच्या घरी पैसे घेऊन केलं की बाई हलकी. त्यात परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हटल्यावर विचारूच नका. या कामाला पिढ्यान् पिढ्या जातीचा विटाळ चिकटलेला आहे. सुईणीचं काम, नाळ कापण्याचं काम, मेलेल्याचे कपडे उचलण्याचं काम कुणाच्या वाट्याला घातलं होतं, ते आठवून पाहा. म्हणजे पन्नाशीच्या बाईला वाटणारी लाज तिची एकटीची नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून तिच्या ताटात वाढलेली आहे.

या लाजेशी झगडा याच महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे आणि तो उतारवयाला लागलेल्या बायकांनीच केला आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या, तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं. हे आपण दर वर्षी ऐकतो, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. रमाबाई रानड्यांविषयी मात्र कमी बोललं जातं. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबऱ्यावर होत्या. नवऱ्याच्या माघारी त्या काळच्या बाईने काय करायचं, ते ठरलेलं होतं. रमाबाई येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, ससून रुग्णालयातल्या रोग्यांची विचारपूस करायला जाऊ लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. त्याच्या कामात एक काम होतं ते बायकांना परिचारिकेचं शिक्षण देण्याचं, ससूनच्या मदतीने. बऱ्या घरच्या बायका, त्यात विधवा, इस्पितळात जाऊन रोग्यांना शिवणार? आज आपल्याला कल्पना येणार नाही इतकं ते अवघड होतं. रमाबाईंनी यासाठी व्याख्यानं दिली असतीलच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की बायकांना राहायला जागा, शिकायला वर्ग आणि शेवटी हातात नोकरी, एवढी सोय त्यांनी आधी केली.

आणि पार्वतीबाई आठवले. कोकणातल्या देवरुखच्या, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरी मूल. पंचविशी उलटून गेल्यावर त्यांनी शिकायला सुरुवात केली. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात शिरल्या, गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागल्या. आणि १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी पैसे जमवायचे म्हणून अमेरिकेला गेल्या. इंग्रजी नावापुरतं, हातात पैसा नाही. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भांडी घासली. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ चं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.  मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जे काम इथे बाईचं कर्तव्य म्हणून मोजलंच जात नव्हतं, त्याच कामावर पार्वतीबाई परक्या मुलखात स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्या परिचारिका नव्हत्या, हे मला माहीत आहे. तरी माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी त्यांचीच गोष्ट सांगते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नंतर.

ही झाली थोरांची नावं. आपल्यासारख्या सामान्य बायकांचं काय, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर जामखेडला सापडतं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी मुलूख. मुलं जुलाबाने आणि कुपोषणाने दगावायची. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सना खेड्यांत पाठवून पाहिलं. तरुण, परगावच्या मुली. गावाने त्यांना आपलं मानलं नाही आणि मुलींचा जीवही तिथे रमेना. मग गावाकडूनच सूचना आली, आमच्यातल्याच एखाद्या बाईला शिकवा की. अशा रीतीने ज्या बायका पुढे आल्या त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या. कुणी दलित, कुणी टाकलेली, कुणी विधवा. वयाने पोक्त. नोकरीच्या जाहिरातीत ज्यांना कुणी बोलावणार नाही, अशा सगळ्या.

त्यांना शिकवण्याची पद्धत पाहा. बायका आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, परत गावी जायच्या. जे शिकल्या ते आठवडाभर गावात करून पाहायच्या आणि पुढच्या खेपेला काय झालं ते सांगायच्या. सुरुवातीला स्वतःचं नाव चारचौघांत मोठ्याने सांगणंही कित्येकींना जड गेलं, कारण ‘अमक्याची बायको’ आणि ‘तमक्याची आई’ याखेरीज त्यांना कुणी हाक मारली नव्हती. रात्री सगळ्या जातींच्या बायका एकाच खोलीत झोपायच्या, सगळ्यांना मिळून एकच भलंमोठं पांघरूण. जातीवर भाषण देण्यापेक्षा थंडीत एका पांघरुणाखाली झोपवणं जास्त उपयोगी पडतं, हे आरोळ्यांना कळलं होतं. शिवाय अभ्यासक्रम किती, असा प्रश्नच नव्हता. जन्मभर शिकत राहायचं. त्यामुळे ‘मी नापास झाले’ असं म्हणायची वेळच कुणावर आली नाही.

या बायकांनी गावातली बाळंतपणं केली, मुलांची वजनं केली, कुष्ठरोगी शोधले, जुलाबावर साखर-मिठाचं पाणी पाजायला शिकवलं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याहून मला १९८८ ची एक गोष्ट मोठी वाटते. मुक्ताबाई पोळ नावाच्या जामखेडच्या आरोग्यसेविका वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलल्या, जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांपुढे. तिथल्या लखलखत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की हे दिवे महागाचे, पण एका दिव्यावर दुसरा लावता येत नाही. मी आहे ती साधी पणती, माझ्यावरून दुसरी लागते. त्यांचे शब्द वेगळे असतील, आशय हा होता. सभागृह उठून उभं राहिलं. हे वाचून आपण ‘वा’ म्हणतो आणि पुस्तक मिटतो. माझा आग्रह असा की त्या व्यासपीठामागची वर्षानुवर्षांची आठवड्यातली ती खेप बघा. धीर तिथे साठला होता.

गडचिरोलीचंही एक उदाहरण घेते, कारण त्यात यंत्राविषयी एक धडा आहे. ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना गावातल्या निरक्षर दायांकडून बाळाचा न्यूमोनिया ओळखून हवा होता. त्यासाठी बाळाचे मिनिटाला किती श्वास चालतात ते मोजावं लागतं आणि दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. मग काय केलं? एक साधी पाटी केली, तिच्यावर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर समजायचं, न्यूमोनिया. दहापर्यंत मोजणं प्रत्येकीला येत होतं. बाईला कमी ठरवण्याऐवजी अवजार बाईच्या मापाचं केलं. पुढे थोड्या शिकलेल्या ग्रामसेविकांना घेऊन नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याचा जो प्रयोग तिथे झाला, त्यात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, त्यांचा उगम तिथे आहे.

आशांचा उल्लेख आलाच आहे म्हणून बोलते. २००५ पासूनच्या या योजनेत बाई त्याच गावची, पंचवीस ते पंचेचाळीस वयाची, लग्न झालेली किंवा विधवा वा घटस्फोटित असावी, असा नियम आहे. म्हणजे संसार पाहिलेली बाई हवी, हे सरकारने जामखेडसारख्या प्रयोगांकडून उचललं. उचललं नाही ते वेतन. तिला स्वयंसेविका म्हणायचं आणि कामागणिक मोबदला द्यायचा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, आपण सगळ्यांनी फोटो पुढे पाठवले. त्याच आशांना मोबदल्यासाठी आझाद मैदानात बसावं लागतं. गौरवाने धीर येतो, हे खरं. पण तो महिनाभर पुरत नाही.

आता शहराकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरची माणसं साधारण दहात एक होती. तेव्हापासून मुलं परदेशी आणि आईवडील तीन खोल्यांत, अशी घरं किती वाढली, ते तुमच्या इमारतीत मोजा. या घरांना माणूस हवा आहे. तो यायचा कुठून? नोंदणीकृत नर्सिंगचं दार ठरावीक वयानंतर बंद होतं. एएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला पस्तीस वर्षांची अट आहे. ज्या वयात बाईला आपण हे करू शकतो असं वाटू लागतं, त्याच्या दहा वर्षं आधी तिला कुलूप दिसतं. परिचारिकेचं शिक्षण अवघड आहे, ते तसंच असावं, त्यात सवलती मागायला मी आले नाही. पण त्याखालचं रुग्णसहायकाचं काम आहे, त्याला मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे, कौशल्य विकासाचे वर्ग आहेत, दहावीपर्यंतच्या शिक्षणावर प्रवेश मिळतो. त्याचा गावोगाव पत्ता नाही. म्हणून मग ब्युरो.

ब्युरोची पद्धत आपल्यापैकी पुष्कळांना गिऱ्हाईक म्हणून माहीत आहे. फोन केला की संध्याकाळी ‘मावशी’ दारात. बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी. मावशींना आदल्या दिवशी कुणी काही शिकवलेलं असतंच असं नाही. नळीतून दूध देताना रोग्याचं डोकं वर उचललेलं हवं आणि दिल्यावर अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर दूध फुफ्फुसात उतरतं, एवढंसुद्धा सांगितलेलं नसतं. मग पहिल्याच घरी काहीतरी चुकतं, घरचे ओरडतात, ब्युरो दुसरी बाई पाठवतो. ती पहिली बाई पुन्हा कधी या कामाकडे फिरकत नाही. आणि आपण म्हणतो, बायकांमध्ये चिकाटी नाही.

पुरुषांना विसरले असं वाटू नये म्हणून सांगते की माझ्या वर्गात अधूनमधून पुरुषही येतात. एक रिक्षावाले होते, वडिलांचं शेवटपर्यंत केलेले. ऐंशी किलोच्या आजोबांना खुर्चीत बसवायला घरोघर ‘मामा’ हवे असतात आणि मिळत नाहीत. या माणसांना भीती कमी आणि लाज जास्त असते. ती पहिल्या पगारानंतर बरीच ओसरते.

शरीराचंही खरं बोललं पाहिजे. पन्नाशीत गुडघे दुखतात, कंबर धरते. ‘मनात आणलं तर काहीही शक्य आहे’ असं मी माझ्या वर्गात बोलू देत नाही, कारण त्या वाक्याच्या भरात बाई रोग्याला एकटीने उचलते आणि महिनाभर झोपून राहते. उचलायचं नसतंच. आडव्या चादरीने दोघींनी सरकवायचं, पलंग कमरेच्या उंचीला आणायचा, पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, रोग्याला आपल्या अंगाजवळ घ्यायचं. आणि जे झेपत नाही त्याला ‘हे एकटीने होणार नाही’ असं म्हणायचं. ते वाक्य म्हणायला शिकवणं हा माझ्या अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड पाठ आहे. जन्मभर कधी ‘नाही’ न म्हटलेल्या बायका त्या.

आता अशी एक गोष्ट, जिच्याविषयी कुठेच बोललं जात नाही. या कामात ज्याचं करायचं तो बहुधा बरा होणार नसतो. दीड-दोन वर्षं बाई त्या घरी रोज जाते. त्या माणसाला कोणता घास आवडतो, कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणत्या मुलाच्या फोनची तो वाट बघतो, हे तिला माहीत असतं. एका पहाटे तो जातो. घरचे रडतात, नातेवाईक येतात. बाई अंग पुसून देते, धोतर नेसवते, पलंगावरची चादर गुंडाळते. दुपारी तिचा हिशेब करून देतात आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतात. एकाच दिवसात माणूसही गेला आणि नोकरीही. तिला रडायला जागा नाही, कारण ती घरची नाही. आणि ब्युरो दुसऱ्या दिवशी नव्या पत्त्यावर पाठवतो. अशा दोन मृत्यूंनंतर पुष्कळ बायका काम सोडतात. लोकांना वाटतं पगार कमी म्हणून सोडलं. त्या मला सांगतात, ‘‘बाई, माझाच पायगुण वाईट असं वाटायला लागलं.’’ मिळवलेला धीर इथे पुन्हा जातो, आणि या खेपेला मुळासकट जातो. यावर उपाय आहे, खर्चाचा नाही. आम्ही कामावरच्या बायकांची महिन्यातून एक बैठक घेतो. कुणाचं माणूस गेलं असेल तर त्याच्याविषयी तिने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शेवटच्या दिवसांत तिने काय काय नीट केलं ते मी तिला मोजून दाखवते. पाठ कोरडी होती, तोंड ओलं ठेवलं होतं, दुखणं वाढलं ते वेळेवर कळवलं होतं. पायगुणाचा हिशेब असा फेडावा लागतो.

तर या सभागृहातल्या, ज्यांच्या घरी अशी माणसं कामाला येतात त्यांना माझं मागणं आहे. त्यांना नाव विचारा आणि नावाने हाक मारा, ‘ताई’ जोडून. बसायला खुर्ची द्या, चहा घरच्या कपात द्या. आठवड्याची सुट्टी आधी ठरवा. डॉक्टर आले की त्यांना पलंगापाशी उभं करा, दारात नको, आणि रात्र कशी गेली ते डॉक्टरांना त्यांच्याच तोंडून सांगू द्या. माणूस गेलं तर तेराव्याला त्यांना बोलवा. महिन्याचा पगार त्या दिवशी तोडू नका, पंधरा दिवसांचा तरी जास्त द्या.

रुग्णालयांच्या विश्वस्तांपैकी काही इथे आहेत. आपल्या रुग्णालयात दुपारी बारा ते चार या वेळात रुग्णसहायकांचा वर्ग सुरू करा. सकाळी घरचं आवरून आणि मुलं-नातवंडं शाळेतून यायच्या आत, याच वेळात ही बाई मोकळी असते. वयाची अट घालू नका, तब्येतीची घाला. पहिल्या दिवसापासून वॉर्डात उभं करा, जाणत्या सिस्टरच्या शेजारी.

आणि मागच्या रांगांत बसलेल्या ज्या बायका मघापासून मान हलवताहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते. आठवी किंवा दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. सापडत नसेल तर शाळेत अर्ज केला की दुसरी प्रत मिळते, शाळा माहेरच्या गावी असली तर भावाला पाठवू नका, स्वतः जा. दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागेल. ती घरबसल्या ऑनलाइन करता येते, मुलाला बसवा शेजारी. डोळे तपासून चष्मा करून घ्या. आणि अर्ज भराल तेव्हा अनुभवाच्या रकान्यात ज्याचं केलंत त्याचा आजार आणि तुमची वर्षं लिहा. तो रकाना कोरा असलेला अर्ज मी यापुढे परत पाठवणार आहे.